पॅकेट मुंबईला सरळ पोहोचते, उत्तर मात्र सिंगापूरमार्गे येते: बीजीपीच्या मार्गनिवडीविषयी शंका

गोदाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. नाशिकमधील एका शिक्षणसंस्थेचे नेटवर्क सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. संस्थेचा स्वतःचा एएस क्रमांक, म्हणजे स्वतंत्र नेटवर्क म्हणून इंटरनेटवरची ओळख, आहे आणि आयपी पत्त्यांचा /२३ चा एक गट, म्हणजे ५१२ पत्ते, आहेत. इंटरनेटची जोडणी दोन पुरवठादारांकडून घेतली असून दोघांशीही आमच्या सीमेवरच्या राउटरचे बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) सत्र चालू असते. या चर्चेपुरते त्यांना 'क' आणि 'ख' म्हणू. आवारातील इमारतींना जोडणाऱ्या राउटरांवर ओएसपीएफ हा संस्थेच्या आतले मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल चालतो आणि त्याबाबत कसलीही तक्रार नाही.

अडचण पुढीलप्रमाणे आहे. आमची परीक्षाप्रणाली मुंबईतील एका डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालते. अंतर पाहता पिंगचे, म्हणजे चाचणीसाठी पाठवलेल्या पॅकेटचे, उत्तर पाच-सहा मिलिसेकंदांत यायला हवे, पण ते सुमारे १२५ मिलिसेकंदांनी येत होते. ट्रेसराउट, म्हणजे पॅकेटच्या वाटेतले राउटर दाखवणारे साधन, चालवल्यावर दिसले की पॅकेट 'क'च्या मुंबईतील राउटरवरून सिंगापूरला जाते, तेथे दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरते आणि त्या नेटवर्कमधून पुन्हा मुंबईला येते. हा द्राविडी प्राणायाम थांबवण्यासाठी मी 'ख'कडून येणाऱ्या मार्गांचा लोकल प्रेफरन्स (आपण मार्गाला दिलेली पसंती; मोठा आकडा वरचढ) १०० वरून २०० केला. त्यानंतर ट्रेसराउटमधून सिंगापूर नाहीसे झाले आणि 'ख'चे पहिले चार टप्पे सात मिलिसेकंदांच्या आत आले. मात्र 'ख'चे नेटवर्क संपून पुढच्या कंपनीचे सुरू होताच, म्हणजे पाचव्या टप्प्यावर, आकडा एकदम ६५ वर जातो आणि शेवटपर्यंत तेथेच राहतो. त्या राउटरवर ताण असेल असे वाटून डेटा सेंटरकडे चौकशी केली, तर सर्व काही सुरळीत असल्याचे त्यांचे उत्तर आले.

शेवटचा प्रयत्न म्हणून 'क'कडे पाठवल्या जाणाऱ्या घोषणेत आमचा एएस क्रमांक तीन वेळा जास्तीचा जोडला, जेणेकरून तो मार्ग लांबचा दिसावा. त्याचा तिळमात्र परिणाम झाला नाही.

माझे प्रश्न असे: ओएसपीएफ नेमाने जवळचा मार्ग निवडते, तर बीजीपीला तेवढे का जमत नाही? लोकल प्रेफरन्स बदलल्यावर विलंब निम्माच का घटला? आणि एएस-पाथ, म्हणजे वाटेतल्या एएस क्रमांकांची यादी, मुद्दाम लांबवूनही काहीच का बदलले नाही?

पोर्ट_१७९ यांचे उत्तर

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच निम्मे उत्तर आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांच्या आत काम होणे भौतिकदृष्ट्याच शक्य नाही. केबल समुद्रातून वळणे घेत जाते, वाटेत उपकरणे असतात, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा ६० च्या आसपास पडतो. पूर्वी तुमचे पॅकेट सिंगापूरमार्गे जात होते आणि त्याचे उत्तरही सिंगापूरमार्गेच येत होते, म्हणून दोन फेऱ्यांचे मिळून १२५ झाले. तुम्ही जाण्याची वाट सुधारली. येण्याची वाट होती तशीच राहिली. पाचव्या टप्प्याचा राउटर मंद नाही, त्याचे उत्तर लांबून येते इतकेच.

ट्रेसराउट वाचताना ही चूक फार वेळा होते. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. ट्रेसराउट हा आकडा मुद्दाम १, २, ३ असा वाढवत पॅकेट पाठवते आणि ज्या राउटरपाशी तो शून्य होतो तो राउटर तसे कळवणारा आयसीएमपी संदेश पाठवतो. हा संदेश म्हणजे तुमच्या पत्त्याकडे निघालेले एक नवे, स्वतंत्र पॅकेट असते आणि त्याचा मार्ग तो राउटर ज्या नेटवर्कचा आहे त्या नेटवर्कच्या रूटिंग टेबलवरून ठरतो. पहिले चार राउटर 'ख'चे आहेत आणि 'ख'ला तुम्ही थेट जोडलेले आहात, म्हणून त्यांची उत्तरे लगेच येतात. पाचवा राउटर ज्या कंपनीचा आहे तिला तुमच्या /२३ कडे जाण्याचा सर्वोत्तम मार्ग सिंगापूरहून 'क'मार्गे दिसतो. तुमच्या पडद्यावर फक्त जाण्याची वाट उमटते. परतीची वाट पाहायची असेल तर डेटा सेंटरला त्यांच्या सर्व्हरवरून तुमच्या पत्त्याकडे ट्रेसराउट चालवायला सांगा. राउटरवर ताण आहे का, हे विचारून काही हाती लागणार नाही.

आता पहिला प्रश्न. ओएसपीएफमध्ये एका क्षेत्रातील प्रत्येक राउटरजवळ साऱ्या क्षेत्राचा एकच नकाशा असतो. प्रत्येक राउटर आपल्या जोडण्यांची माहिती सर्वांना कळवतो आणि मग प्रत्येक जण त्या नकाशावर डाइक्स्ट्राची रीत, म्हणजे एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली किमान खर्चाच्या मार्गाची रीत, स्वतंत्रपणे चालवतो. नकाशा एकच आणि रीतही एकच असल्यामुळे सर्वांची उत्तरे जुळतात. हे जमते, कारण सगळे राउटर एकाच मालकाचे असतात आणि त्यांचा हेतूही एकच असतो. तरीही येथे 'जवळचा' याचा अर्थ माणसाने दिलेल्या खर्चाच्या आकड्यांप्रमाणे जवळचा एवढाच आहे. अनेक राउटरांवर हा खर्च १०० मेगाबिटला जोडणीच्या वेगाने भागून काढतात आणि एकाहून कमी आलेले उत्तर एक धरतात. त्यामुळे १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट या तिन्ही जोडण्या ओएसपीएफला सारख्याच दिसतात. तक्रार नसली तरी आवारातल्या सर्व राउटरांवर हा संदर्भवेग वाढवून घेतला आहे की नाही, हे एकदा पाहून घ्या.

दोन संस्थांच्या सीमेवर मात्र नकाशाही एक नसतो आणि हेतूही एक नसतो. कोणतीही दूरसंचार कंपनी आपल्या अंतर्गत जोडण्यांचा आराखडा शेजाऱ्याला देत नाही आणि शेजाऱ्याची वाहतूक फुकट वाहून नेण्यात तिला रस नसतो. म्हणून बीजीपीच्या घोषणेत मुख्यतः एवढेच असते: अमुक पत्त्यांचा गट माझ्यामार्फत गाठता येतो आणि वाटेत हे हे एएस लागतात. त्यात किलोमीटर नसतात, मिलिसेकंद नसतात, जोडणीचा वेगही नसतो. एएस-पाथची लांबी म्हणजे वाटेतल्या संस्थांची संख्या. पाच देशांत पसरलेली कंपनी त्या हिशेबात एकच भरते आणि एकाच इमारतीत शेजारी बसलेल्या दोन कंपन्या दोन भरतात. या लांबीवरून भूगोलाचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

शिवाय ही लांबीसुद्धा पहिली कसोटी नाही. एकाच प्रीफिक्ससाठी, म्हणजे पत्त्यांच्या गटासाठी, अनेक मार्ग आले की बीजीपी आधी लोकल प्रेफरन्स पाहते. तो सारखा असेल तरच एएस-पाथची लांबी, त्यानंतर ओरिजिन (मार्ग मुळात बीजीपीत कसा आला), मेड (आत कोठून यावे याची शेजाऱ्याने कळवलेली पसंती), बाहेरून शिकलेला मार्ग की आतून शिकलेला, आपल्या नेटवर्कमधून बाहेर पडण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण, आणि तेवढ्यानेही निकाल लागला नाही तर राउटरच्या क्रमांकासारख्या किरकोळ गोष्टी. लोकल प्रेफरन्स ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवायचा असतो आणि बहुतेक पुरवठादार तो पैशांच्या हिशेबाने ठरवतात. ग्राहकाकडून शिकलेला मार्ग सर्वांत वरचा, कारण त्या वाहतुकीचे पैसे मिळतात. पीअरकडून, म्हणजे बरोबरीच्या नात्याने वाहतुकीची देवाणघेवाण करणाऱ्या नेटवर्ककडून, शिकलेला त्याखालचा, कारण तेथे सहसा कोणी कोणाला पैसे देत नाही. आणि ज्याच्याकडून आपण ट्रान्झिट, म्हणजे उरलेल्या इंटरनेटपर्यंत वाहतूक नेण्याची सेवा, विकत घेतो त्याचा मार्ग सर्वांत खालचा, कारण तेथे आपल्या खिशातून पैसे जातात.

तुमचे घोडे येथेच पेंड खात आहे. सिंगापूरला ज्या मोठ्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये पॅकेट शिरत होते तिला 'ग' म्हणू. माझा तर्क असा की 'क' हा सिंगापूरमध्ये 'ग'कडून ट्रान्झिट विकत घेतो, म्हणजे 'ग'चा ग्राहक आहे, तर 'ख' आणि 'ग' मुंबईत पीअर आहेत. आणि तुमचे डेटा सेंटर मुंबईत 'ग'चीच जोडणी वापरते. 'ग'ला तुमचा /२३ दोन्हीकडून कळतो. एक मार्ग ग्राहकाचा आहे आणि दुसरा पीअरचा, त्यामुळे निकाल लोकल प्रेफरन्सवरच लागतो आणि एएस-पाथ मोजण्याची वेळच येत नाही. तुम्ही तुमचा क्रमांक तीन वेळा जोडा की दहा वेळा, 'ग'च्या राउटरला त्याचे सोयरसुतक नाही.

जुने_टर्मिनल यांची शंका

वरील विवेचन पटले, पण एक गोष्ट मनात राहते. बीजीपीमध्ये विलंबाचाच एक आकडा का घालत नाहीत? पॅकेट किती वेळात जाऊन येते हे मोजणे तर सोपे आहे. राउटरांनीच ते मोजले आणि कमी विलंबाचा मार्ग निवडला, तर गोदाकाठ यांना हा खटाटोप करावाच लागणार नाही.

पोर्ट_१७९

हा प्रयोग फार पूर्वी होऊन गेला आहे, आणि तोही एकाच छत्राखालच्या नेटवर्कमध्ये. इंटरनेटचे पूर्वज असलेल्या आर्पानेटमध्ये १९७९ साली आलेली मार्गनिवड प्रत्यक्ष मोजलेल्या विलंबावर आधारित होती. वाहतूक कमी असताना ती उत्तम चाले. वाहतूक वाढली की घोटाळा होई: दोन समांतर जोडण्यांपैकी एकीवर विलंब वाढला की सगळे राउटर एकाच वेळी दुसरीकडे वळत, तिच्यावर गर्दी झाली की सगळे पुन्हा पहिलीकडे येत, आणि दोन्ही जोडण्या असून एका वेळी एकच वापरली जाई. पुढे १९८० च्या दशकात त्या आकड्याला मर्यादा घालून ही हेलकाव्याची वृत्ती आवरावी लागली. हजारो स्वतंत्र मालकांच्या आणि नऊ लाखांहून अधिक प्रीफिक्सच्या आजच्या जगात असा सतत हलणारा आकडा घोषणांबरोबर फिरवला, तर राउटर पॅकेट पुढे ढकलण्यापेक्षा मार्गांचा हिशेब करण्यातच गुंतून पडतील.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. बीजीपीच्या आधीचे ईजीपी हे मध्यभागी एक मुख्य जाळे आणि त्याला झाडाच्या फांद्यांसारखी लटकलेली इतर जाळी, अशी रचना गृहीत धरत असे. ती रचना मोडू लागल्यावर जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठकीच्या वेळी सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर नव्या प्रोटोकॉलचा आराखडा मांडला. त्याच वर्षी जूनमध्ये तो आरएफसी (इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचे क्रमांकित दस्तऐवज) ११०५ म्हणून प्रसिद्ध झाला. प्रत्येक घोषणेबरोबर पूर्ण एएस-पाथ पाठवायचा आणि त्यात स्वतःचा क्रमांक दिसला की ती घोषणा टाकून द्यायची, ही त्यातली कल्पना. पॅकेट चक्रात अडकू नये यासाठी आरआयपी या जुन्या मार्गनिवड प्रोटोकॉलला टप्पे मोजून १६ म्हणजे अनंत मानावे लागते आणि म्हणून १५ टप्प्यांपलीकडचे जगच त्याला दिसत नाही. बीजीपीला अशी मर्यादा लागली नाही. शिवाय पूर्ण यादी हाती असल्याने कोणाच्या नेटवर्कमधून जायचे आणि कोणाच्या नाही, हे ठरवण्याची मुभा प्रत्येकाला मिळाली. जवळचा मार्ग शोधणे हे बीजीपीचे काम कधीच नव्हते. परस्परांवर पूर्ण विश्वास नसलेल्या संस्थांना आपापल्या अटींवर जोडून ठेवणे हे त्याचे काम आहे आणि ते काम ते चोख करते.

सीमाद्वार यांचे उत्तर

कारणमीमांसा झाली, आता उपायांकडे वळू. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर तुमचा अधिकार असतो, कारण तो निर्णय तुमचा राउटर घेतो. आत येणाऱ्या वाहतुकीचा निर्णय दुसरे घेतात. तुम्ही त्यांना फक्त विनंती करू शकता किंवा त्यांच्यापुढे वेगळी निवड ठेवू शकता.

विनंतीचा मार्ग म्हणजे कम्युनिटी. बीजीपीच्या घोषणेला ३२ बिटांची एक चिठ्ठी जोडता येते आणि तिचा अर्थ पुरवठादाराने आधीच ठरवून ठेवलेला असतो: हा प्रीफिक्स अमुक शेजाऱ्याला सांगू नका, किंवा याचा लोकल प्रेफरन्स पीअरपेक्षा खाली ठेवा. नेमक्या तुमच्यासारख्या, दोन पुरवठादार असलेल्या ग्राहकांसाठी ही पद्धत १९९६ पासून लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. 'क'च्या ग्राहकसेवेला नव्हे, तर त्यांच्या नेटवर्क विभागाला लिहून कम्युनिटींची यादी मागवा. 'ग'ला आमचा /२३ कळवू नये अशी कम्युनिटी 'क'कडे असेल, तर प्रश्न एका ओळीत सुटतो. 'ग'ची स्वतःची कम्युनिटी वापरायची असेल, तर वाटेत 'क' ती पुसून टाकत नाही ना, हे विचारून घ्यावे लागेल. पुष्कळ पुरवठादार सरसकट पुसतात.

दुसरा उपाय अधिक धारदार आहे. लोकल प्रेफरन्सपासूनची ती सगळी क्रमवारी एकाच प्रीफिक्सच्या निरनिराळ्या मार्गांमधली आहे. पॅकेट प्रत्यक्ष पुढे पाठवताना राउटर त्याच्याही आधी एक गोष्ट पाहतो: पत्त्याशी जुळणारी सर्वांत नेमकी नोंद कोणती. /२३ ची नोंद कितीही लाडकी असली, तरी /२४ ची, म्हणजे त्याच्या निम्म्या भागाची, नोंद हजर असेल तर पॅकेट तिच्याच मागे जाते. म्हणून 'क' आणि 'ख' दोघांकडेही /२३ जाहीर ठेवा आणि 'ख'कडे त्याचे दोन /२४ जास्तीचे जाहीर करा. सारे जग तुमच्याकडे 'ख'मार्गे येऊ लागेल. 'ख' तुटला की /२४ नाहीसे होतील आणि /२३ च्या आधाराने वाहतूक 'क'कडून येईल. यापुढे तुकडे करता येणार नाहीत, कारण /२४ पेक्षा लहान गट बहुतेक नेटवर्क स्वीकारतच नाहीत.

या हत्याराची धार किती आहे, याचे उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा प्रीफिक्स आपल्या नेटवर्कमध्ये घातला आणि तो त्यांच्या पुरवठादारामार्फत, म्हणजे हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूमार्फत, जगभर पसरला. यूट्यूबची स्वतःची घोषणा २०८.६५.१५२.०/२२ ची होती. जागतिक प्रमाणवेळेनुसार १८:४७ ला हे सुरू झाले आणि नेमकेपणाच्या नियमामुळे यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानकडे वळली. यूट्यूबने २०:०७ ला तोच /२४ जाहीर केला. आता दोन्ही नोंदी सारख्याच नेमक्या असल्याने ज्याला जो मार्ग पसंत पडला त्याने तो घेतला, म्हणजे वाहतूक अंशतःच परत आली. २०:१८ ला यूट्यूबने दोन /२५ जाहीर करून पाहिले. शेवटी २१:०१ ला पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमच्या घोषणा काढून घेतल्या, तेव्हा प्रकरण मिटले.

त्यामुळे /२४ जाहीर करण्याआधी आरपीकेआय या पडताळणीव्यवस्थेतील आरओए नोंद, म्हणजे कोणत्या एएसने कोणता प्रीफिक्स जाहीर करावा याची मान्यता, तपासा. तुमचा प्रीफिक्स आयआरआयएनएन या भारतातील पत्तेवाटप संस्थेकडून मिळाला असेल, तर ती नोंद तेथेच करायची असते. सध्याची नोंद केवळ /२३ ची असेल आणि तिच्यात कमाल लांबी दिलेली नसेल, तर तुमच्याच क्रमांकावरून निघालेले /२४ अवैध ठरतील आणि पडताळणी करणारी नेटवर्क ते टाकून देतील. संपर्क तुटणार नाही, कारण /२३ शिल्लक राहील. पण सिंगापूर जेथल्या तेथे राहील आणि काय बिघडले हे शोधण्यात तुमचा आठवडा जाईल. दोन्ही /२४ साठी आरओए करा, मगच घोषणा करा. कमाल लांबी सैल ठेवून अजून न वापरलेल्या तुकड्यांनाही आगाऊ मान्यता देऊन ठेवू नका, कारण तुमचा एएस क्रमांक खोटा लावून ते तुकडे जाहीर करणाऱ्यालाही तीच मान्यता लागू पडते.

ॲम्स्टर्डॅमवासी यांचे उत्तर

सीमाद्वार यांनी सांगितलेला पहिला उपाय मला मान्य आहे. दुसऱ्याबाबत माझा स्पष्ट विरोध आहे. एका सर्व्हरचा विलंब कमी करण्यासाठी जगातील प्रत्येक मोठ्या राउटरच्या टेबलमध्ये दोन नोंदींची भर घालणे हे स्वस्त दिसते, याचे कारण त्याचा खर्च दुसरे सोसतात. १२ ऑगस्ट २०१४ रोजी एका मोठ्या कंपनीकडून हजारो जास्तीचे तुकडे जाहीर झाले, जागतिक टेबल काही काळ ५,१२,००० नोंदींच्या वर गेले आणि तेवढीच जागा राखून ठेवलेले जुने राउटर ठिकठिकाणी कोलमडले. त्यानंतर नवी उपकरणे आली. सवय मात्र तीच राहिली.

एवढ्या जवळ राहून मुंबईतील एक्सचेंजचा, म्हणजे अनेक नेटवर्क जेथे एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणाचा, विचार तुम्ही का करत नाही? देशांतर्गत वाहतूक परदेशी फेरफटका मारून येऊ नये याच हेतूने २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, स्थापन झाले. मुंबईत आता इतर एक्सचेंजही आहेत. तुमचे डेटा सेंटर यांपैकी एखाद्याचे सदस्य असेल, तर नाशिकहून तेथवर एक लाइन आणि एक पोर्ट घेऊन त्यांच्याशी थेट पीअरिंग करा. पोर्ट_१७९ यांनी सांगितलेली पैशांची क्रमवारीच मग तुमच्या बाजूने काम करील: डेटा सेंटरला 'ग'चा मार्ग विकतचा आहे आणि तुमचा पीअरचा, म्हणून ते आपखुशीने तुमचा निवडतील. लाइनचे भाडे आहे, हे मान्य; पण संस्थेची बरीचशी वाहतूक ज्या मोठ्या आशय-नेटवर्कांकडे जाते त्यांपैकी अनेक तेथे भेटतात, तेव्हा हिशेब केवळ एका परीक्षाप्रणालीचा करू नका.

कोणताही उपाय निवडलात तरी बाहेर जाणाऱ्या घोषणांवरची गाळणी आधी तपासा. तुमच्या राउटरने केवळ तुमचेच प्रीफिक्स सांगावेत; 'क'कडून शिकलेले 'ख'ला किंवा 'ख'कडून शिकलेले 'क'ला चुकूनही सांगू नयेत. २४ जून २०१९ रोजी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील एका धातू कंपनीच्या बाबतीत हेच घडले. तिला दोन पुरवठादार होते. डीक्यूई या छोट्या पुरवठादाराने वाहतूक वळवण्यासाठी यंत्राकरवी अंतर्गत वापराचे बारीक तुकडे केले होते. ते या कंपनीकडे आले आणि कंपनीच्या राउटरने ते दुसऱ्या पुरवठादाराला, म्हणजे व्हेरायझनला, सांगितले. व्हेरायझनने गाळणी न लावता ते पुढे पसरवले. तुकडे मूळ घोषणांपेक्षा नेमके असल्यामुळे क्लाउडफ्लेअरसह अनेकांची वाहतूक एका कारखानदार कंपनीच्या जोडणीतून वाहू लागली आणि अर्थातच तेथे गुदमरली. गाळणी स्पष्टपणे लिहिल्याशिवाय बाहेरच्या शेजाऱ्याला काहीही सांगू नये आणि त्याच्याकडून काहीही घेऊ नये, असा नियम २०१७ च्या आरएफसी ८२१२ मध्ये आला आहे. तुमचा राउटर त्याहून जुना असेल, तर तो हा नियम पाळतो असे गृहीत धरू नका.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डेटा सेंटरने त्यांच्या बाजूने ट्रेसराउट चालवून पाठवला आणि पोर्ट_१७९ यांचा तर्क खरा ठरला: उत्तर 'ग'च्या मुंबईतील राउटरवरून सिंगापूरला आणि तेथून 'क'मार्फत परत येते. 'क'च्या नेटवर्क विभागाने कम्युनिटींची यादी पाठवली आहे आणि 'ग'ला घोषणा न करण्याची कम्युनिटी तिच्यात आहे. तीच आधी लावणार आहे. बाहेर जाणाऱ्या घोषणांवर गाळणी आहे, तीही पुन्हा तपासली. एक्सचेंजचा प्रस्ताव पुढील अंदाजपत्रकात मांडता येईल. /२४ चा विचार तूर्त बाजूला ठेवतो.

दोन शंका उरल्या आहेत. परीक्षेच्या वेळी 'ख' तुटला, तर 'क'वर जायला किती वेळ लागेल? 'ग'ला 'क'कडून घोषणाच मिळणार नसेल, तर अशा वेळी डेटा सेंटरला आम्ही सापडू का? आणि जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या असल्याने फायरवॉलला काही त्रास होतो का?

पोर्ट_१७९

दुसरी शंका महत्त्वाची आहे आणि तिचे उत्तर 'क'चे आणखी कोणते पुरवठादार आहेत यावर अवलंबून आहे. 'क' इतर कोणाकडूनही ट्रान्झिट घेत असेल, तर तुमचा /२३ त्या वाटेने फिरून 'ग'ला कळेल. 'ग' हाच त्याचा एकमेव पुरवठादार असेल, तर 'ख' तुटताच 'ग'च्या दृष्टीने तुम्ही अस्तित्वातच नसाल. तसे असल्यास घोषणा थांबवणारी कम्युनिटी न वापरता, 'ग'कडील लोकल प्रेफरन्स पीअरपेक्षा खाली उतरवणारी कम्युनिटी मागा. मग 'ख' असेपर्यंत 'ख', आणि तो नसताना 'क', असा क्रम आपोआप राहील. हे आधी विचारून घ्या, मगच बदल करा.

वेळेबाबत: 'ख'ची लाइन थेट तुमच्या राउटरमध्ये येत असेल, तर ती तुटताच सत्र बंद होते. मध्ये स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर असेल, तर तुमच्या राउटरला काहीच कळत नाही आणि तो होल्ड टाइमर (शेजाऱ्याकडून काहीच न आल्यास सत्र संपवण्याची मुदत) संपण्याची वाट पाहत बसतो. हा टाइमर अनेक राउटरांवर मुळात १८० सेकंदांचा असतो. मूळ दस्तऐवजात ९० सुचवले आहेत. तीन मिनिटे परीक्षार्थी पडद्याकडे पाहत बसणे परवडणारे नसेल, तर 'ख'शी बोलून त्या सत्रावर बीएफडी, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे सतत तपासणारी सोय, चालू करा, म्हणजे बिघाड सेकंदाच्या आत लक्षात येईल. त्यानंतरही मागे घेतलेली घोषणा जगभर पसरेपर्यंत दूरचे राउटर काही काळ जुन्या, आता निरुपयोगी झालेल्या वाटा चाचपत राहतात. तेवढा वेळ धरूनच चाला.

फायरवॉल एकच असून दोन्ही लाइन तिच्याच मागच्या राउटरवर येत असतील, तर अडचण नाही. प्रत्येक लाइनवर वेगळी फायरवॉल असेल, तर एकीतून गेलेल्या जोडणीचे उत्तर दुसरीकडे येईल आणि ओळख न पटल्याने ती ते टाकून देईल. तेव्हा दोघींची स्थिती परस्परांना कळेल अशी मांडणी करावी लागेल. याशिवाय सीमेवरच्या राउटरवर यूआरपीएफ, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून पॅकेट खरे आहे का हे तपासणारी सोय, कडक रीतीने लावलेले आहे का, ते पाहा. ज्या पत्त्याकडे आपण 'ख'मार्गे जातो त्याचे पॅकेट 'क'कडून आले, तर कडक पद्धतीत ते खोटे समजून फेकले जाते आणि लॉगमध्ये बहुधा त्याची नोंदही नसते. दोन पुरवठादारांच्या सीमेवर ते सैल पद्धतीत ठेवा; कडक पद्धत आवारातल्या, एकाच वाटेच्या विभागांकडे वापरा.